थडग्याच्या बिस्किटावरचं नाव

आई, ओट्यावर बेचाळीस बिस्किटं वाळत पडली आहेत आणि माझा पाय काही एका जागी ठरत नाही. साखरेची बिस्किटं आहेत. भोपळे केशरी, वटवाघळं जांभळी, भुतं पांढरी, आणि थडगी करड्या रंगाची. हो, थडगीच. तू असतीस तर म्हणाली असतीस, दिवाळी होऊन दोन आठवडे नाही झाले आणि घरात हे काय अभद्र मांडलंयस. इथेही हॅलोविनचं हे खूळ फार जुनं नाही, पण झूटरमेर ह्या डच गावातल्या आमच्या गल्लीत आता दर दोन दारांआड कोरलेला भोपळा दिसतो, आणि ह्या वर्षी पार्टी आमच्याकडे आहे. चार वाजता अकरा मुलं येणार. लेकीला तिचा बाबा पोहण्याच्या क्लासला घेऊन गेलाय, एक वाजेपर्यंत येतील. वरची साखर वाळेपर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून हात गुंतवायला लिहायला बसले. दोन ओळी लिहिते, उठून आज सकाळी रंगवलेला एखादा भोपळा बोटाने हळूच दाबून बघते, पुन्हा बसते. एका भोपळ्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटलाय. असू दे, तो मी खाईन.

काल संध्याकाळी आम्ही दोघी मिळून रंगवत होतो. लेक नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डचमध्ये. मी मराठीत ओरडते, ती डचमध्ये उलट उत्तर देते, आमचं छान चालतं. तर ह्या मुलांनी शाळेत ठरवलं होतं की थडग्याच्या बिस्किटावर प्रत्येकाने आपल्या घरातल्या गेलेल्या कुणाचं तरी नाव घालायचं. शेजारचा मुलगा त्याच्या मेलेल्या सशाचं घालणार, एक मुलगी तिच्या आजोबांचं. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी बेसिनपाशी भांडी घासत होते, आणि वळून बघते तर लेकीने एका थडग्यावर पांढऱ्या साखरेने लिहिलेलं, ओमा इंडिया. ओमा म्हणजे आजी. इंडियातली आजी, म्हणजे तू. सासूबाई पुण्यात ठणठणीत आहेत.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सुरी घेतली आणि ती अक्षरं खरवडून काढली. बिस्कीट चांगलं जाड होतं तरी मधोमध मोडलं, इतक्या जोरात. "आजीचं नाव लिहून ते खाणार? लाज नाही वाटत?" असं बरंच काही बोलले. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी जवळ तरी घेतलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "नाव कुठे लिहिलंय? मला तिचं नावच माहीत नाही. तू कधी सांगितलं नाहीस." आणि जिन्यावरून वर जाताना म्हणाली, "उद्या माझ्या मित्रमैत्रिणी येतील तेव्हा तू वरच्या खोलीत थांब." आज सकाळीही माझ्याकडे न बघता दूध प्यायली, पोहण्याची पिशवी उचलली आणि गेली.

"तिने प्रेमानेच लिहिलं होतं गं," नवरा जाता जाता म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. त्याचं बरोबर असतं तेव्हा तो मला जास्त नकोसा होतो. ती तिच्या आजीला पार्टीत घेऊन येत होती, सशाच्या आणि कुणाच्या आजोबांच्या शेजारी बसवत होती, आणि मी सुरी घेऊन धावले. चोवीस वर्षं झाली तुला जाऊन. चोवीस वर्षांत तुझी आठवण काढून खाऊ करावा असं मला सुचलं नाही, ते तिला सुचलं.

तर आज सकाळी फ्रीजमधला उरलेला गोळा काढला, लाटला, नवीन थडगं कापलं, भाजलं, त्याला करडा रंग दिला. आपल्यात थडगं नसतंच, पण असो, तुला आता एक आहे. ते वरवर सुकलं तसा पांढऱ्या साखरेचा कोन भरला आणि लिहायला गेले. ती यायच्या आत नाव लिहून तिच्यासमोर ठेवायचं, एवढं साधं काम. कोनाचं टोक बिस्किटावर टेकलं आणि हात थांबला. कुठलं नाव? बाबांच्या रेशनकार्डावर होतं ते, माझ्या जन्माच्या दाखल्यावर आहे ते, इथल्या गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, प्रत्येक फॉर्मवर 'आईचे नाव' म्हणून मी डोळे मिटून भरते ते? ते तर तुला लग्नात दिलेलं. ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने लिहून, बाबांच्या नावाला शोभेल असं. मग मला बेकरी आठवली, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी लेकीएवढीच आहे. दिवाळीला आठ दिवस आहेत, साताऱ्यात सकाळी बऱ्यापैकी थंडी पडलीय. नानकटाई भाजून आणायला दर वर्षी तू एकटी जातेस, पण ह्या वर्षी मैदा-रवा-साखरेचे डबे आणि तुपाची बरणी असं दोन हातांत मावत नाही म्हणून मला बरोबर नेतेस. बेकरीत बायकांची ही रांग. सगळ्यांचं सामान सारखंच, म्हणून कुणाचा घाणा कुणाला जाऊ नये यासाठी बेकरीवाला पाटीवर खडूने नावं लिहितोय. तुझा नंबर येतो. तू एक नाव सांगतेस आणि तो लिहायला लागतो. मी मोठ्याने म्हणते, "आई, हे तुझं नाव नाहीये." रांगेतल्या बायका हसतात. मी हुशारीने तुझं खरं नाव सांगते, म्हणजे मला खरं वाटतं ते. बेकरीवाला गोंधळतो. "अहो ताई, दर दिवाळीला तर हेच लिहितो की मी." तू क्षणभर पाटीकडे बघतेस. मग म्हणतेस, "मुलगी सांगते ते लिहा." तो अंगठ्याने पुसतो आणि माझं नाव लिहितो. माझं म्हणजे, मी सांगितलेलं.

रस्त्यात तू इतकी भराभर चाललीस की मला पळावं लागलं. घर आल्यावर एकच वाक्य बोललीस, "मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये." मला वाटलं, चारचौघांत बोलले म्हणून रागावलीस. मला फारच अन्याय झाल्यासारखं वाटलं, कारण माझं तर बरोबर होतं ना. पुढच्या वर्षीपासून तू डबा बाबांबरोबर पाठवायला लागलीस. नानकटाई तशीच व्हायची, बाबा मोजून आणायचे, आणि मला त्यात काही कमी झाल्याचं कधी जाणवलं नाही. आज ह्या ओट्याशी उभी राहून हिशेब लागतोय की वर्षातून एकदा, एका पाटीवर, तासाभरासाठी तू तुझी असायचीस. आणि ते मी पुसायला लावलं. वेडी गं तू, घरी येऊन मला एक फटका दिला असतास आणि सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मला सांगण्यासारखी मी नव्हते, हेच खरं.

आणि गंमत बघ, बेकरीतला सगळा वास आठवतो, बेकरीवाल्याच्या अंगठ्याला लागलेला खडू आठवतो, तुझी हिरवी साडी आठवते. नाव आठवत नाही. एकदाच कानावर पडलं होतं. तासभर मी एकेक अक्षर जुळवत होते, लहान मुलांना नावं शोधतात तसं. साडेअकराला मामांना फोन लावला. तिकडे चार वाजले होते, मामा दुपारची झोप काढून चहाची वाट बघत बसले होते.

"माहेरचं नाव? आता कशाला लागलं? पासपोर्टला?"

"बिस्किटावर लिहायचंय," मी म्हटलं.

मामांना ऐकू कमी येतं, त्यामुळे हे तीनदा ओरडावं लागलं. मग म्हणाले, "आम्ही अक्काच म्हणायचो गं तिला." मामांनाही आठवलं नाही तर आता विचारायला कोण उरलंय. पण मामांनी नाव सांगितलं, अगदी सहज, शाळेत हजेरी घेतात तसं आडनावासकट. मग स्वतःच बोलत राहिले. "दहाव्याला गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं तेव्हा तुझ्या वडिलांनी सासरचं सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं. पण माझ्या मनात आलं, ह्या नावाने हाक मारली तर अक्काला कळेल का तिला बोलावतायत म्हणून. बोललो नाही मी. तिथे कुठे बोलायचं." मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. मामांनी विचारलं, तिकडे थंडी पडली का. पडली म्हटलं.

नाव लिहिलं. लेकीला देवनागरी येत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत. थडगं लहान आणि तुझं नाव लांब, शेवटची दोन अक्षरं काठावरून खाली घसरल्यासारखी आलीत.

आता साडेतीन वाजलेत. मधे उठावं लागलं, ते दोघं आले. लेकीचे केस ओले, टोपी न घालता सायकलवर आलेली, त्यावरून ओरडायचं मी गिळलं. ती ओट्यापाशी गेली आणि बघत उभी राहिली. मग एकेक अक्षर लावून वाचलं. आधी डच पद्धतीने वाचलं, ते भलतंच झालं. मी म्हणून दाखवलं. मग तिने पुन्हा म्हटलं, नीट. आई, माझ्या घरात कुणीतरी तुला नावाने हाक मारली आणि मी बेसिनकडे तोंड करून उभी राहिले.

"हे तिचं खरं नाव?"

"हो. लहानपणापासूनचं. कालचं माझं चुकलं."

तिने बिस्कीट उचलून सशाच्या थडग्यासाठी ठेवलेल्या जागेच्या बाजूला मांडलं, मग विचार करून थोडं पुढे सरकवलं. "कोणी खायचं नाही हे," असं जाहीर केलं, आणि लगेच म्हणाली, "किंवा शेवटी मी खाईन." खा म्हटलं. मी पार्टीत खाली थांबले तरी चालेल, असंही तिने सांगून टाकलं. वर निघाली आणि जिन्यातून वळली. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? विसरली होतीस?"

"छे," मी म्हटलं, "आईचं नाव कोणी विसरतं का?"

तिला ते लगेच पटलं. मुलांना ह्या गोष्टी पटतात. आता पहिली बेल वाजेल, आणि हे कागद मी पाककृतींच्या वहीत घालून ठेवणार आहे, तसंही तिला ते वाचता येणार नाहीत. मी तिच्याशी खोटं बोलले, आई. आज सकाळी साडेअकरापर्यंत मला तुझं नाव माहीत नव्हतं.