झाड तर खरं होतं

बाबा, मागच्या महिन्यात मावशी घरी आली होती. तुमच्या मातीला आली तेव्हा ती अंगणातूनच परत गेली होती, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. या वेळी मात्र सरळ स्वयंपाकघरात आली, लाखोळीच्या डाळीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाटावर बसून बोलत राहिली. धान कसं झालं, गुडघे कसे दुखतात, कुरखेड्याची बस कशी वेळेवर येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय तुम्हाला ठाऊकच आहे. सोबत तिची नात होती, कॉलेजात जाणारी, हातातल्या मोबाईलवरून नजर न काढणारी. मी चहा ठेवला. शेवटी मावशी म्हणाली, "हिनं फोनमंदी कायतरी काढलं आहे. पैसे डबल होतेत म्हणते. माह्याजवळचे मागून राह्यली. तू पाहून सांग बाई." मला कुणी 'तू सांग' म्हटलं की 'दुसऱ्या कुणाला विचार' हेच आधी तोंडावर येतं. हा वारसा तुमचा.

मी नववीत होते. सागवान कंपनीच्या जीपमधून तुम्ही मला झाडं दाखवायला नेलं होतं, मार्कंड्याच्याही पुढे, नदीकाठच्या एका शेतात. पैसे भरायचे, एक झाड आपल्या नावावर होणार, ते मोठं झालं की विकून कंपनी आपला वाटा देणार, अशी ती योजना. तुम्ही जंगल खात्यात गार्ड, गावाच्या भाषेत नाकेदार. सागाच्या बाबतीत तुम्हाला कोण फसवणार? तुम्ही माती चिमटीत घेऊन पाहिली, पानं उलटी करून कीड शोधली, माझ्या हातात टेपचं एक टोक देऊन छातीच्या उंचीवर घेर मोजला. आणि मग बुंध्यावरचा लाल रंगातला नंबर पाहून तुमचा चेहरा उजळला. तुमच्या नोकरीत नंबर पडलेल्या झाडाला कुणीतरी जबाबदार असायचं. असं एक झाड चोरीला गेलं तेव्हा अख्खा पावसाळा तुम्ही साहेबांपुढे उभे राहून जबाब दिले होते. त्यामुळे नंबर आहे म्हणजे उद्या विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी असणारच, असं तुम्ही धरून चाललात. झाड तुम्ही सगळ्या बाजूंनी तपासलं. ते दाखवणारा माणूस मात्र मला थंडा पाजत होता, त्याच्याकडे तुम्ही धड पाहिलंही नाही.

गावातली माणसं मग तुमच्याकडे यायला लागली. "नाकेदार भाऊ, खरं आहे का जी हे?" तुम्ही कुणाला पैसे भरा म्हणाला नाहीत, कुणाकडून दलालीचा चहासुद्धा प्यायला नाहीत. फक्त म्हणायचात, "झाड तर खरं आहे." तेवढं पुरलं. मौसाजी गेल्यावर मिळालेली रक्कम मावशीनं मुलाच्या शिक्षणासाठी ठेवली होती. ती तिनं तुमच्या त्या चार शब्दांवर भरली.

कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं, तेव्हा तुम्ही आरडाओरडा केला नाही. मला घेऊन बसनं पुन्हा त्या शेतात गेलात. खिशातला चाकू काढून आपल्या झाडावरचा नंबर खरवडलात. लालच्या खाली पिवळा नंबर निघाला, पिवळ्याच्या खाली पांढरा. शेतकरी बांधावरून पाहत होता. तो म्हणाला, "झाडं माहीच आहेत भाऊ. रंग माराचे पैसे देतो म्हणे, तेही देल्ले नाई." एरवी मी हसले असते. तुम्ही चाकू मिटवलात, बुंध्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "झाडाची काई चूक नाई."

त्यानंतर तुम्ही कुणालाच काही सांगेनासे झालात. पावसाळ्यात बाया सात्यांची, म्हणजे रानातल्या अळंब्यांची, टोपली घेऊन यायच्या, यातल्या खायच्या कोणत्या आणि विषारी कोणत्या विचारायला. तुम्ही टोपलीकडे न पाहताच म्हणायचात, "मले काई समजत नाई, दुसऱ्याले विचारा." जंगलात उभा जन्म काढलेला माणूस! मी बारावीनंतर नर्सिंगला जाऊ का विचारलं, तर म्हणालात, "तुले वाटते ते कर." तेव्हा मला वाटलं, यांना माझं काही पडलेलं नाही. फार राग आला होता बाबा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारेही तुम्ही स्वतःच. मावशीचा मुलगा कॉलेज सोडून तेलंगणात मिरची तोडायला गेला. मजुरांची गाडी आपल्या दारावरून जायची, त्या दिवशी तुम्ही मागच्या परसात जाऊन बसायचात.

त्याच मुलाची ही मुलगी. तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. हिरवी रेघ वर चढत होती, खाली तिच्या नावापुढे वाढलेली रक्कम. "आत्या, खरंच वाढून राह्यले पैसे. माह्या मैत्रिणीनं तं काढले पण." आणि माझ्या तोंडात शब्द आले, 'आकडा तर खरा दिसतो.' तुमचंच वाक्य, बाबा. मी ते गिळलं. मग मोठ्यानं, गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "नाही. एक रुपयाही टाकायचा नाही." ती चिडली. "काऊन? तुमाले काय माहीत त्यातलं?" मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिला चाकूची गोष्ट सांगितली, पिवळ्या नंबराची, पांढऱ्या नंबराची. मावशी खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मले भाऊजीचा राग होता. आताबी आहे. पैसे गेले तं गेले, पण एक डाव येऊन माह्यापाशी बसाले काय झालं होतं त्याईले?" मी चहा गाळून कप तिच्यापुढे सरकवला. मग तीच म्हणाली, "पण पोरीले आणाचं कुठी, तं इथीच आणली." आणि तिनं चहाचा कप उचलला. माझे डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून मी गाळणी धूत बसले.

मुलीनं मावशीचे पैसे घेतले नाहीत, स्वतःचेही आणखी टाकले नाहीत. तुमच्यानंतर आपल्या घरातून सांगितलेला शब्द कुणीतरी ऐकला, हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले होते. इथंच थांबले असते तर हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवता आलं असतं.

पण आठवड्यापूर्वी त्या मुलीनं मला एक फोटो पाठवला. तिच्या मैत्रिणीनं त्या पैशांतून नवी स्कूटी घेतली आहे. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. त्या मैत्रिणीची आई अंगणवाडीत मदतनीस आहे, तिनंही आता आपले जमवलेले पैसे त्यातच घातलेत म्हणे. तेव्हापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी पेपर उघडते आणि ती योजना बुडाल्याची बातमी शोधते. बुडू नये म्हणून नाही बाबा. बुडावी म्हणून. माझा शब्द खरा ठरावा, एवढ्यासाठी. त्या अंगणवाडीवाल्या बाईचा चेहरा मला माहीत आहे, तरीही. असं पत्र तुमच्यासमोर कसं ठेवू? घडी घालून डब्यात टाकते आहे. उद्या सकाळीही मी आधी तेच पान उघडणार आहे.