मळ्यापाशी थांबणारी बस

५ ऑगस्ट, मंगळवार
जिंकले! वादविवादात पहिली. विषय — शहर बस खासगी कंपनीला द्यावी का. चिठ्ठीत मला 'द्यावी' आलं. मग काय, घसा फोडून सांगितलं — गाड्या खटारा झाल्यात, रस्त्यात बंद पडतात. कंपनीला नफा हवा असतो, म्हणून ती प्रवाशाला जपेल. समोरच्या पोट्ट्यानं एकच विचारलं, "जिथं नफा नाई तिथं कंपनी कायले जाईन?" पण तो अडखळत बोलला. हरला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते शेवंतीला पाणी देत होते. म्हणाले, "कोनाचीबी असो, बस चालू राह्यली पायजे. बस हाये तवर शीक. ऑटोनं जाऊ देनार नाई." हे मला पाठ आहे. बीएस्सीला होकार मिळाला तो या एकाच अटीवर.

आमचा खरा थांबा फाट्यावर, दारूच्या दुकानासमोर. तिथून बस सुटते. पण ड्रायव्हर देवीदासकाका बाबांच्या ओळखीचे. ते पुढे येऊन आमच्या मळ्यापाशी गाडी थांबवतात. मी, माझी मैत्रीण दामिनी आणि भाजीवाल्या बाया तिथंच चढतो. दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचले ती काकांमुळे.

८ सप्टेंबर, सोमवार
कंपनीच्या गाड्या आल्या. निळ्या, चकचकीत. काकांना कंपनीनं ठेवून घेतलं, हायसं वाटलं.

मळ्यापाशी गाडी थांबली तसा नवा कंडक्टर स्वप्निल गोंधळला. "हा थांबाच नाई मशीनमंदी. अन् फाटा मांगं गेला, आता तिथलं तिकीट निघत नाई." काका म्हणाले, "मंग पुढच्या गावापासून काढ. पोरी हायेत, उन्हात कायले चालवतं?" त्यानं तसं तिकीट काढलं. परत येतानाही तसंच — तिकीट पुढच्या गावापर्यंत, उतरलो मळ्यात. दामिनी म्हणाली, फुकटचा प्रवास! खूप हसलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार
गाडी वेळेवर येते. बाबा आईला म्हणाले, "आचलचं भाषन खरं निंगालं." मी जरा शेफारलेच.

२२ सप्टेंबर, सोमवार
टोपल्या घेऊन चढायला मनाई झाली. बाया आता छोट्या टेम्पोतून भाजी नेतात. मळ्यापाशी आम्ही दोघीच. खिडकीची जागा मिळाली म्हणून आधी बरं वाटलं. मग मागे वळून पाहिलं — सगळ्या सीटा रिकाम्या. नंतर बरं वाटेना.

२९ सप्टेंबर, सोमवार
काका थांबले नाहीत.

आम्ही हात केला. गाडी तशीच पुढे गेली. काकांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या सीटवर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस बसला होता, बाकी गाडी रिकामी.

संध्याकाळी काका मळ्यात आले. बाबांसमोर खाली मान घालून म्हणाले, "कंपनीचा सायब होता. थांबलो असतो तं नोकरी गेली असती." बाबा म्हणाले, बरोबर केलं. मला मात्र भीती वाटून राहिली आहे. त्या माणसानं रिकामीच गाडी पाहिली ना?

४ ऑक्टोबर, शनिवार
काका पुन्हा थांबू लागलेत, पण तो सायब परत आला तर? दामिनीला म्हटलं, आपण फाट्यावरच चढू. गेलो. दुकानासमोरच्या पोट्ट्यांनी गाणी म्हटली. आम्ही खाली पाहत उभ्या राहिलो. दुपारच्या आत कोणीतरी तिच्या घरी सांगितलं.

६ ऑक्टोबर, सोमवार
दामिनीचं कॉलेज बंद. तिच्या आईनं दारातूनच सांगितलं. ती आत होती, बाहेर आली नाही. मी एकटीच पुन्हा मळ्यापाशी चढले.

९ ऑक्टोबर, गुरुवार
गाडीत कागद चिकटवलाय. सोमवारपासून बस पुढच्या गावापर्यंतच. कारण — फाट्यापासून प्रवासी नाहीत.

कॉलेज बुडवून अमरावतीत कंपनीचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या मुलानं स्क्रीनच माझ्याकडे वळवली. "मॅडम, तुमच्या गावून कोनी चढतच नाई." मी म्हटलं, मी चढते, रोज चढते! तो शांतपणे म्हणाला, "मंग तिकीट दाखवा."

दाखवलं. त्यावर पुढच्या गावाचं नाव.

तो वाईट नव्हता. त्यानं पाणीसुद्धा विचारलं. मी जिन्यात बसून रडले. काकांवर चिडावं तर त्यांनी आमचं भलंच केलं. कंडक्टरनंही भलंच केलं. आम्ही तर हसत हसत ती तिकिटं घेतली. आता राग काढायचा कोणावर?

परत येताना काकांना सांगितलं. त्यांनी गाडी मळ्यापाशी थांबवली आणि इंजिन बंद केलं. म्हणाले, "मले नाई समजलं पोरी." एवढंच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बाबांना म्हटलं, पुढच्या गावापर्यंत सायकलनं जाईन. ते शेवंतीला पाणी द्यायला निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
तरी आवरून मळ्यापाशी उभी राहिले. रस्त्यानं ट्रक गेले, टेम्पो गेले. आईनं हाक मारली तेव्हा आत आले.

१५ ऑक्टोबर, बुधवार
बाबा आज फार खुशीत. चांदूर रेल्वे गावचं स्थळ आलंय, भाऊबीज झाली की पाहुणे येणार. आई म्हणाली, "परीक्षा तं होऊ द्या, येवढी घाई काहून?" बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोराच्या घरी चारचाकी हाये. आता माह्या पोरीले बसची वाट पाहा लागत नाई."