अर्धं मैदान

लिंडेन क्रीक कॉलेज,
ता. ११ एप्रिल

ती. आजीस,
ब्रिटाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वसतिगृहाच्या भिंती इतक्या पातळ आहेत की ओरडून सांगण्यासारखी ही बातमी नाही. म्हणून पत्र.

हंगाम संपला. चार सामने जिंकलो, बाकीचे हरलो, हे तू पेपरात वाचलंच असशील. पेपरात न आलेलं सांगते. दोघी पदवी घेऊन चालल्या. वर चौघींनी बदलीच्या यादीत नाव घातलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कॉलेजाने आपल्याला उचलावं म्हणून. कर्स्टनसुद्धा! दोन वर्षं माझ्या शेजारचं कपाट तिचं. रडलीही नाही गं, गुपचूप बूट पिशवीत भरत होती. उरलो पाच. क्रीडाप्रमुखांनी कोच व्हांडांना बोलावून सांगितलंय की पंधरा ऑगस्टपर्यंत दहा नावं दिली नाहीत तर येत्या हिवाळ्यात मुलींचा बास्केटबॉल बंद. आणि एकदा बंद पडलेला संघ पुन्हा कोण सुरू करतंय?

त्यात मला मिनेसोटातल्या एका मोठ्या कॉलेजाचं बोलावणं आलंय. मे संपायच्या आत कळवायचं. बाबा म्हणतात, यात विचार कसला करतेस, सामान बांध. कोच म्हणाल्या, जे ठरवशील ते आधी मला सांग, एवढंच. मी गेले तर चौघी उरतात, आजी. चौघींचा संघ होत नाही.

सोबत कात्रण आहे. पेपरातल्या त्या ऑर्विलने पुढच्या हंगामाचा अंदाज लिहिलाय. प्रत्येक कॉलेजाला एकेक परिच्छेद आणि आम्हाला एक ओळ: यांच्याविषयी अंदाज बांधायला पुरेशा मुली सध्या नाहीत. वाचून मला इतका राग आला की जेवलेच नाही.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? तुझ्या मायेवर भिस्त आहे, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
ब्रिटा


एल्डर ग्रोव्ह,
ता. १९ एप्रिल

चि. ब्रिटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कात्रण फ्रिजवर लावलंय. दूध बाहेर काढताना दर वेळी ऑर्विलला दोन शब्द सुनावता येतात. त्याच्या बापालाही कधी मोजता आलं नाही. चर्चच्या जेवणाला दरवर्षी खुर्च्या कमी मांडायचा आणि पाहुण्यांवर खेकसायचा. आणि जेवली नाहीस हे काही मला आवडलेलं नाही. राग आला की दुप्पट जेवावं.

मी काय केलं असतं विचारतेस. मी सल्ला देत नाही बाई. तुझ्या आजोबांना एकदा ट्रॅक्टर घेताना दिला होता, तेवढा जन्माला पुरला. पण एक विचारते. त्या मोठ्या कॉलेजात तू नेमकं करणार काय? तू हवीस म्हणतात, तर कशासाठी हवीस? ते नीट विचारून घे आणि मला लिही.

इकडे परसात रूबार्बचे आंबट देठ वर आलेत. गुडघा बरा आहे, कंबर आहे तशीच आहे. शेजारची लॉरेन बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायचं कंत्राट घेते ना, ती आतापासूनच रडतेय की जुलैत माणसं कुठून आणू. हल्लीच्या पोरांना म्हणे पानं टोचतात.

आशीर्वाद आहेतच, ते रिकाम्या पोटी घेऊ नकोस.

तुझी,
आजी


लिंडेन क्रीक,
ता. ४ मे

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

विचारलं. मिनेसोटाचे कोच फार आदराने बोलले. म्हणाले, अडवण्यात माझ्यासारखी मुलगी त्यांनी पाहिली नाही. सामना अटीतटीचा झाला की शेवटच्या दोन मिनिटांत मला उतरवणार, समोरच्या सगळ्यात भारी खेळाडूला मी रोखायचं. चेंडू हाती आला तर लगेच दुसरीला द्यायचा. बास्केटची काळजी मी करायची नाही, त्यासाठी त्यांच्याकडे मुली आहेत. बाबा तर खुशीत आहेत. मान आहेच गं मोठा. तरी मला आनंद का होत नाहीये ते कळत नाही.

इथली गंमत ऐक. आम्ही पाचजणींनी उन्हाळाभर सराव करायचा ठरवला, तर जिमची लाकडी जमीन घासून तिला नवं वार्निश द्यायचं काढलंय, ऑगस्टपर्यंत कुलूप. आणि कोच व्हांडांना नियमाने उन्हाळ्यात सरावाला यायची बंदी, बघायचीसुद्धा. मरिसोल माहीत आहे ना तुला, ती ठेंगणी, चेंडू पुढे नेणारी, जिची जीभ तिच्या पायांपेक्षा जोरात पळते? ती म्हणाली, जमीन नाही, कोच नाही, संघ तर नव्हताच, म्हणजे आता कसली कटकट उरली नाही!

पण सॉफ्टबॉलच्या टेसला तिनेच पटवलंय. टेसला चेंडू आपटत पळता येत नाही, नुसता झेलता येतो. म्हटलं, असू दे, ये.

आजी, तूही माझ्यासारखी अडवणारी, गार्ड होतीस ना? तुझ्याकडे जिन्यात तो फोटो आहे, पण तू कधी त्याविषयी बोलत नाहीस. का?

लोभ आहे हे ठाऊक आहे, पण पत्रात लिहिलास तर बरं वाटेल.

तुझी,
ब्रिटा


एल्डर ग्रोव्ह,
ता. १२ मे

चि. ब्रिटास,
अ. उ. आ.

लोभ आहे. लिहिलं.

आता फोटोचं. आमच्या वेळी मुलींचा खेळ सहाजणींचा असायचा. मैदानाच्या मधोमध रेघ. तिघी फॉरवर्ड पलीकडे, त्यांनी बास्केट करायचं. तिघी गार्ड अलीकडे, आम्ही समोरच्यांना अडवायचं. रेघ कुणी ओलांडायची नाही. मुलींना सगळं मैदान पळणं झेपत नाही असं ज्या पुरुषांनी ठरवलं, त्यांच्या बायका तेव्हा दोन हातांत दोन दुधाच्या बादल्या घेऊन गोठाभर पळत होत्या.

मी चार वर्षं गार्ड. शेवटच्या वर्षी डे मॉइनला राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. सामना संपत आला होता, एका गुणाने मागे होतो. समोरच्या मुलीच्या हातून मी चेंडू हिसकावला, रेघेपर्यंत नेला आणि पलीकडे दिला. मग रेघेला बूट टेकवून उभी राहिले. पुढचं सगळं तिकडे घडलं. आमच्या मुलीचा नेम चुकला आणि आम्ही हरलो. तिला मी कधी दोष दिला नाही. पण तेव्हा माझे हात रिकामे होते, आणि ते रिकामपण मला अजून आठवतं. सामन्यात मी उभ्या जन्मात एकदाही बास्केटच्या दिशेने चेंडू टाकलेला नाही, ब्रिटा. म्हणून बोलत नाही.

तुझे मिनेसोटाचे गृहस्थ आदराने बोलले असतील. आमच्याशीही सगळे आदरानेच बोलायचे. हा सल्ला नव्हे. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

आणि जमीन नाही काय म्हणतेस? गोठ्यावरचा माळा काय मेला आहे? गाई विकल्यापासून वर गवताची काडी नाही. तुझ्या आजोबांनी पोरांसाठी ठोकलेली रिंग अजून आहे. छताची एक तुळई मध्ये येते, चेंडू तिच्यावरून काढावा लागतो. तुझा बाप शिकला, तर कुणीही शिकेल. जुलैत लॉरेनकडे सकाळी तुरे खुडा, संध्याकाळी माळ्यावर खेळा. पलंग कमी आहेत, पण झोपायला जमीन भरपूर. किती येताय ते कळव, म्हणजे बटाटे आणून ठेवते.

आशीर्वाद, आणि मरिसोलला म्हणावं जीभ तशीच ठेव.

तुझी,
आजी


सीडर रॅपिड्स,
ता. २ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ब्रिटाने मिनेसोटाला नकार कळवला. मला काल सांगितलं, तेही जेवण झाल्यावर. विचारलं का, तर म्हणते मला सगळं मैदान हवंय. हे वाक्य तिचं नाही, एवढं मला कळतं. संघ ऑगस्टात बंद पडला की पोरीने काय करायचं, याचा तू विचार केलास का? आयुष्यात अशी संधी दारात येऊन उभी राहत नाही गं.

दुसरं, तू माळा झाडून काढलास असं लॉरेन म्हणाली. त्या शिडीवर तू चढायचं नाही असं डॉक्टरांनी आणि मी, दोघांनी सांगितलंय.

रागात लिहितोय, पण माया कमी झालेली नाही.

तुझा,
डेल


एल्डर ग्रोव्ह,
ता. ६ जून

चि. डेल यास,
आशीर्वाद.

वाक्य तिचंच आहे. शिडी मजबूत आहे. बाकी क्षेम.

आई


एल्डर ग्रोव्ह,
ता. २३ जुलै

चि. डेल यास,
अ. उ. आ.

तू फोन करून थकलास असं ब्रिटा म्हणाली. घरात नऊ पोरी आहेत, फोनची घंटा ऐकणार कोण? मला तर ती एरवीही ऐकू येत नाही.

पहाटे लॉरेनची बस नेते, दुपारी परत आणून टाकते. दवाने भिजलेल्या, हातांवर मक्याच्या पानांचे ओरखडे, केसांत पराग. आल्या आल्या न्हाणीघरापुढे रांग आणि भांडणं. मग हॅमचे सँडविच असे संपतात की मी पाव ठेवून वळते तोवर ताट रिकामं. टेसला आता पळता पळता चेंडू आपटता येतो, म्हणजे दहातून चारदा तो तिच्याबरोबर राहतो. न्याडाक नावाची एक नवी आहे, उंच उडी मारणारी, तिचे आईबाप सुदानहून डे मॉइनला आले. स्वयंपाकघरात शिरताना चौकट रोज तिच्या कपाळाला लागते आणि ती रोज चौकटीची माफी मागते. भारी गुणाची पोर. तुळईवरून चेंडू काढायला सगळ्यात आधी तीच शिकली.

रविवारी कोच व्हांडा आल्या, सोबत चेरी भरलेली गोड पेस्ट्री. नियम मोडायचा नाही म्हणून खिडकीकडे पाठ करून, फ्रिजकडे तोंड करून बसल्या. म्हणजे समोर ऑर्विलचं कात्रण! गोठ्यातून धपधप ऐकू येत होतं. बराच वेळ कॉफी ढवळत बसल्या. मग ते कात्रण पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाल्या की मेला लिहितो मात्र थोडक्यात. मला हसू आवरेना. जाताना माझा हात घट्ट धरला त्यांनी. मी वर काय चाललंय ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

पाच विरुद्ध पाच खेळायचं तर एक कमी पडते, तेव्हा मी उभी राहते. ओरडू नकोस. पळत नाही, हात पसरून उभी राहते, आणि शिडी चढताना टेस माझ्या मागे असते. मरिसोल म्हणते, आजी, तुम्हाला ओलांडणं म्हणजे कुंपण ओलांडणं.

दहावी मात्र मिळत नाही. मला काळजी वाटते, ती तुला सांगते, त्यांना नाही. तू रागावला आहेस हे समजतं. रागावूनच ये, पण एकदा येऊन बघ. तुझी ती रिंग अजून थोडी डावीकडे कललेलीच आहे.

माया ठेव, आणि येताना बटाटे आण.

आई


लिंडेन क्रीक,
ता. १६ ऑगस्ट

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

झालं! दहा झाल्या! काल दुपारी कोच व्हांडांनी नावं नेऊन दिली.

दहावी कोण सांगू? कर्स्टन. तिला कुणीच बोलावलं नाही, सगळा उन्हाळा वाट बघितली बिचारीने. परवा जिमच्या दारात उभी होती, नव्या वार्निशवर पाय ठेवायचा धीर होईना. मरिसोल म्हणाली, आली का तोंड घेऊन. टेसने तर पाठच फिरवली. मलाही खूप बोलायचं होतं, आजी. त्या दिवशी बूट भरताना तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं, ते मी विसरलेले नाही. पण ती हात रिकामे घेऊन कडेला उभी होती आणि मला तुझी आठवण झाली. मी चेंडू तिच्याकडे टाकला. झेलला तिने. मरिसोल अजून तिच्याशी धड बोलत नाही, पण काल पास दिला, आणि मरिसोलच्या हिशेबात ते बोलण्यापेक्षा मोठं.

सगळ्या कॉलेजांच्या कोचांनी मतं देऊन लावलेल्या क्रमवारीत आम्ही नऊ संघांत नवव्या. ऑर्विलने या वेळी दोन ओळी लिहिल्या, प्रगती आहे. मला मुळीच वाईट वाटलं नाही. तळाहून वरच जायचं असतं ना.

आता एक विचारते, रागावू नकोस. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. माळ्यावर चेंडू तुझ्या हाती आला की तू मध्यापर्यंत येतेस, थांबतेस आणि कुणाला तरी देऊन टाकतेस. प्रत्येक वेळी तिथेच. न्याडाकला वाटलं तिथली फळी सैल असेल, म्हणून तिने वाकून पाहिलंसुद्धा. आजी, तिथे रेघ नाहीये. माळ्यावर कुणी कधी रेघ मारलेलीच नाही.

लोभ तर आहेच, यंदा तो नोव्हेंबरात पहिल्या सामन्याला येऊन पुढच्या रांगेत बसून कर.

तुझी,
ब्रिटा


एल्डर ग्रोव्ह,
ता. २८ ऑगस्ट

चि. ब्रिटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रागावले. दोन दिवस रागावले. मग रूबार्बच्या मुरंब्याची बरणी उघडली, दुप्पट खाल्लं आणि पुन्हा वाचलं. तुझं खरं आहे. रेघ नाही.

कर्स्टनला घेतलंस, फार चांगलं केलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मरिसोलला सांगू नकोस.

रविवारी तुझा बाप आला. बटाटे घेऊन आला, तुम्ही सगळ्या निघून गेल्यावर! शिडी मोडून टाकतो म्हणत गोठ्यात गेला आणि हातोडी घेऊन तिची सैल पायरी ठोकत बसला. मी म्हटलं, झालं असेल तर धर, मला वर जायचंय. खूप बोलला. मग धरली.

वर चेंडू कोपऱ्यात पडलेला होता. तो घेऊन मी मध्यापर्यंत गेले आणि पाय थांबले. मेले आपोआप थांबतात गं, इतकी वर्षं झाली. डेल मागून म्हणाला की आई, पुढे मोकळंच आहे. तेवढ्यावर मी निघाले. रिंगसमोर जाऊन उभी राहिले आणि टाकला.

पोचलाच नाही. दुसराही नाही. तिसरा तुळईला लागून थेट माझ्याच अंगावर आला. लहानपणी डेल टाकायचा आणि मी रिंगखाली उभी राहून चेंडू परत द्यायचे, संध्याकाळच्या संध्याकाळ. परवा तो रिंगखाली उभा होता. एकदाही बस म्हणाला नाही. चेंडू उचलायचा, माझ्याकडे द्यायचा. खाली उतरल्यावर कॉफी पिताना मला म्हणाला की ब्रिटाने बरोबर केलं. तुला तो स्वतः कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

अजून एकही पडलेला नाही. ऑर्विलला विचारलंस तर माझ्याविषयीही तो एकच ओळ लिहील. लिहू दे. खांदे दुखतात, झोप छान लागते. शनिवारी डेल परत येतोय, शिडी धरायला.

आशीर्वाद नेहमीचेच. या वेळी थोडे तिकडूनही पाठव, मला लागणार आहेत.

तुझी,
आजी