‘खाली’ म्हणजे रिकामी नव्हे

मृत्युपत्र लिहून ठेवणार: नारायण मल्हारराव शिर्के, वय वर्षे सहासष्ट, शरीररचना विभागातून निवृत्त तंत्रज्ञ, राहणार फतेगंज, बडोदे.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. खाली सही माझीच आहे. खाली म्हणजे पानाच्या तळाशी. एवढी फोड का करतो ते कलम चारमध्ये कळेल. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देणारा डॉक्टर माझ्यासमोरच शिकला. पहिल्या वर्षी डावे-उजवे ओळखताना दर वेळी स्वतःचा हात वर करून बघायचा. आता त्याने लिहून दिले म्हणून मी शहाणा ठरलो, हरकत नाही.

कलम १. यापूर्वी २०१५ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझा देह आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाला बिनशर्त दिला होता. तेव्हा मी भोळा होतो.

कलम २. फतेगंजचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. अहल्या हिची. तिच्या पश्चात चिरंजीव यशराज याची. अहल्येने एकोणचाळीस वर्षे माझ्या हातांचा फॉर्मॅलिनचा वास सहन केला, म्हणजे सहन केला असे मी म्हणतो. तिने माझी बादली, टॉवेल आणि साबण वेगळे ठेवले होते आणि कणकेला मला कधी हात लावू दिला नाही. यशराज बंगळुरात एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ खात्यात आहे. कुठले मनुष्य आणि कुठले बळ काढून टाकायचे हे तो ठरवतो. त्याने हे मृत्युपत्र दोनदा वाचावे, एकदा मुलगा म्हणून आणि एकदा ऑफिसात बसून.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पितळी नळ्यांचा संच, वाकड्या सुया, लहरीपुऱ्यातून आणलेला एनॅमलचा डबा आणि तीन वह्या, ही सर्व गजेंद्र पढियार, राहणार करजण, याला द्यावीत. गजेंद्र तेरा वर्षे माझ्या हाताखाली होता. देहदानात आलेला देह टिकवून ठेवणे हे आमचे काम. मांडीतली धमनी शोधायची, नळी बसवायची, डबा उंचावर टांगायचा आणि औषध आपल्या वजनाने उतरू द्यायचे. मग बोटे चोळत बसायचे. औषध पोचले का ते कानाच्या पाळीवर आणि नखांवर बघायचे. मधुमेहाचा म्हातारा माणूस असेल तर धमन्या खडूसारख्या होतात, एका जागेवरून औषध जात नाही, सहा जागा शोधाव्या लागतात. ती सहावी जागा कोणत्याही पुस्तकात नाही. ती हाताला कळते, आणि हाताला कळायला मला नऊ वर्षे लागली. गजेंद्रला सात लागली. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितले नाही, शेफारला असता. आता वाचेल.

कलम ४. दोरीला लावलेली एक पत्र्याची पाटी, तीवर माझ्या हातचा पांढऱ्या रंगातला ‘खाली’ हा शब्द, ही डॉ. शुभंकर पाठारे यांना द्यावी. ते सध्या महाविद्यालयाच्या कारभाराचे सर्वेसर्वा आहेत.

पाटीची हकीकत लिहून ठेवतो, नाहीतर ते ती भेटवस्तू समजून भिंतीवर लावतील. आमच्या विभागात पोलादी टाकी आहे, तिच्यात दोन फळ्या. देह वरच्या फळीवर असेल तर झाकणाला ‘वर’ ही पाटी, तळाच्या फळीवर असेल तर ‘खाली’. तळाचा देह झाकण उघडून दिसत नाही, नुसते औषध दिसते. मी मराठी माणूस, मराठीत लिहिले. तीस वर्षे कोणाचे अडले नाही, कारण वाचणारा मी आणि पुढे गजेंद्र, एवढे दोघेच होतो.

२०२२ साली मला निरोपाचा नारळ मिळाला. गजेंद्र कंत्राटी होता. पुढच्या वर्षी विभागाचे काम एका एजन्सीला दिले आणि त्याला पार्किंगच्या पावत्या फाडायला फाटकावर उभे केले. एजन्सीच्या मुलांना तीन दिवसांचे ट्रेनिंग मिळाले, त्यातला एक दिवस उद्घाटनाचा. मी शुभंकरना भेटायला गेलो होतो. तासभर बाहेर बसवून मग आत घेतले. म्हणाले, “काका, आता हे काम कोणीही करू शकतं. व्हिडिओ आहे त्याचा.” मी चहा पिऊन परत आलो. तेव्हा बोललो नाही याची मला आजही लाज वाटते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मथुराबाई पागे गेल्या. प्राथमिक शाळेतल्या बाई, आमच्याच सोसायटीतल्या, त्यांचा देहदानाचा फॉर्म मीच भरून घेतला होता. सही करताना म्हणाल्या होत्या, “नारायण, जन्मभर चौथीच्या पुढे कोणाला शिकवायला मिळालं नाही. आता डॉक्टरांना शिकवीन.” गजेंद्रने त्या दिवशी फाटकावरची पाळी संपवून, कोणी न सांगता, आत जाऊन त्यांचे सगळे काम केले. देह तळाच्या फळीवर ठेवला. सवयीने ‘खाली’ची पाटी लावली आणि परत पावत्या फाडायला गेला.

मे महिन्यात सुट्टी लागली. एजन्सीच्या मुलांनी पाटी वाचली. गुजरातीत आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामी. रिकाम्या टाकीत औषध कशाला वाया घालवायचे, म्हणून त्यांनी खालचा नळ सोडून दिला, आत न बघताच झाकण लावले आणि कॉम्प्युटरवर टाकी रिकामी असल्याची नोंद केली. बडोद्याचा मे महिना, तीन आठवडे. जूनमध्ये वासावरून कळले तेव्हा गजेंद्रला फाटकावरून बोलावले. एकाही विद्यार्थ्याने एकही अक्षर न शिकता मथुराबाईंना खासवाडीच्या स्मशानात न्यावे लागले.

गजेंद्र त्या संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला. आत येईना. म्हणाला, “काका, ए लोकोए ‘खाली’ वांच्युं, ने खाली ज समज्या.” त्या लोकांनी ‘खाली’ वाचले आणि रिकामीच समजले. एवढे बोलून रडायला लागला. मीही रडलो. मग मला हसू आले, आणि त्या हसण्याबद्दल मी मथुराबाईंची माफी मागतो.

चौकशी समितीने ठरवले की दोष पाटीच्या भाषेचा. अर्धी गोष्ट खरी आहे. मी तिन्ही भाषांत लिहायला हवे होते; तीस वर्षांत सुचले नाही हा माझा गाढवपणा, आणि तो मी इथे सहीनिशी कबूल करतो. पण पाटी वाचता येणारा माणूस वीस पावलांवर फाटकात उभा होता. त्याला विचारायला व्हिडिओत सांगितले नव्हते.

कलम ५. शुभंकर यांच्याबद्दल आणखी एक, मन मोकळे करतो. १९९६ साली हेच शुभंकर पहिल्याच दिवशी टेबलाजवळ भोवळ येऊन पडले. मी लिंबूपाणी पाजले आणि कोणाला सांगितले नाही. सरावात त्यांना मानेतली नस सापडत नव्हती, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्या नसेला काळा दोरा बांधून ठेवला होता. हा गुन्हा होता. तो मी केला, कारण मुलगा हुशार होता आणि घाबरट होता. आज त्यांच्या दारावरच्या पाटीत माझा तेवढा दोरा आहे. परत मागत नाही, फक्त कोणीही करू शकतं असे म्हणताना त्यांना तो आठवावा.

कलम ६. आता देह. वकील म्हणतात, देहाबद्दलची इच्छा कायद्याने वारसांवर बंधनकारक नाही. ठीक आहे, मग ही कायद्याने नाही तर माझ्या शपथेने बंधनकारक समजावी. मी गेल्यावर डोळे लगेच द्यावेत, त्याला अट नाही. देह गाडीतून फाटकापर्यंत न्यावा आणि गाडीतून उतरवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: “हे काम कोण करणार?”

उत्तरात माणसाचे नाव आले, आणि त्या माणसाने हे काम निदान पाच वर्षे केलेले असले, तर मला खुशाल द्यावे. तो गजेंद्र असला तर उत्तमच, पण त्याने शिकवलेला दुसरा कोणीही चालेल. मी हट्टी आहे, आडमुठा नाही. उत्तरात कंपनीचे नाव आले तर गाडी वळवावी आणि खासवाडीला न्यावी. तिथल्या माणसाला त्याचे काम येते.

आमच्या सोसायटीतल्या अकरा जणांनी, ज्यांचे फॉर्म मी भरले, हीच अट स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे. त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, एक प्रत महाविद्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने गेली आहे. हे ब्लॅकमेल आहे का असे यशराजने फोनवर विचारले. होय. आयुष्यभर मेलेल्या माणसांची बाजू सांभाळली, आता मीही त्यांच्यात जाणार, तर एवढे चालायचेच.

मला मुलांनी शिकायला हवे आहे. खरेच हवे आहे. पहिल्या वर्षाची ती घाबरलेली पोरे, हातमोजे उलटे घालणारी, त्यांच्यासमोर टेबलावर असणे यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. ती जागा मला नासवून नको आहे, एवढेच मागणे आहे.

कलम ७. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून विभागाच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. नीरजा मोहिते यांना नेमतो. गजेंद्र साक्षीदार होऊ पाहत होता. लाभार्थ्याने साक्ष देऊ नये असे वकिलांनी सांगितल्यावर तो स्वयंपाकघरात अहल्येजवळ जाऊन बसला आहे.

ठिकाण: बडोदे. तारीख: १४ ऑगस्ट २०२५.

लिहून ठेवणार: (सही) नारायण मल्हारराव शिर्के

लिहून ठेवणाऱ्याने आमच्या दोघांसमक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष साक्ष घातली:
१. (सही) वसंत गोविंद दिघे, फतेगंज
२. (सही) विहंग अरविंद जगताप, फतेगंज

पत्नीची संमती, तिच्याच हस्ताक्षरात:

वाचले. फाटकावर मी जाईन आणि प्रश्नही मीच विचारीन. गजेंद्र असला तर त्याला आधी दोन घास खायला लावीन, मग यांना आत नेऊ देईन. उपाशीपोटी, घाईत केलेले काम यांना कधी आवडले नाही.

(सही) अहल्या नारायण शिर्के