तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

दि. ४ मार्च

चि. मिस्त्रीस,
अ. आ. (रीत म्हणून लिहिते, मनातून नाही.)

आपल्या आप्पांच्या ट्रॅक्टरचं इंजिन तू उघडून नवं केलंस, त्याला वर्षही झालं नाही आणि आता ते आतून ठोके देतंय. नांगर लावला की असं दणदणतं की शेजारीण विचारते, कुणाचं दार फोडताय म्हणून. नांगरणी तोंडावर आलीय आणि भंगारवाला दोनदा येऊन टायर चाचपून गेला. आप्पांचे कान गेले, गुडघे गेले, तरी सकाळी उठून शेडमध्ये जाऊन त्याला फडकं मारतात. ते यंत्र गेलं तर हा माणूस उठायचा कशासाठी, सांग. गॅरेजच्या पाटीवर ‘इंजिन तज्ज्ञ’ लिहिलंयस ना? आधी ते खोडून टाक.

घरी सगळे बरे आहेत. तुझी आठवण कुणी काढत नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नको.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चोराच्या उलट्या बोंबा! तेल न बघता दामटलं असेल दाजींनी, आणि खापर माझ्या डोक्यावर.

वरून बारीक टिकटिक येत असेल तर व्हॉल्व्ह, त्यानं काही बिघडत नाही. खालून जड ठोका असेल तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. दाजींना सांग, इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपचा नट जरासा सैल करायचा. तेवढ्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. ज्याचं तुटल्यावर ठोका गप्प होईल, तो चोर. मग खालचं तेलाचं चेंबर काढा. जमत नसेल तर खुशाल भंगारात घाला. आप्पांनी जन्मभर माझ्या कामाला नावं ठेवली, आता त्यांची गादी तू चालव.

दाजींना नमस्कार, हवा असल्यास.
तुझा भाऊ

दि. १६ मार्च

चि. मिस्त्रीस,
अ. आ.

पकडला चोर. तिसऱ्याचा नट सैल केला आणि ठोका बसला. चेंबर काढलं तर तेलात नुसती धातूची चमक, बेअरिंग खाल्लंय. आणि रॉडला खालून धरणारी कॅप उलटी! रॉडवरचा नंबर एका बाजूला, कॅपवरचा दुसऱ्या. यांनी बोट ठेवून दाखवलं. आता बोल की, तज्ज्ञ!

तोंड दाखवायची हिंमत होईल तेव्हा ये.
ताई

दि. २१ मार्च

ताई,
आज नमस्कार नाही.

माझ्याकडून आल्यावर अख्खा हंगाम त्यानं गपगुमान नांगरला की नाही? उलटी कॅप दिवसभरसुद्धा टिकत नाही. म्हणजे माझ्यामागून कुणीतरी इंजिन उघडलंय. ज्या गाढवानं ती बसवली त्याचे हात तोडले पाहिजेत. यंत्राच्या जवळ उभं राहायची लायकी नाही त्याची. नाव कळव, नाहीतर त्या घराशी माझा संबंध संपला असं धर.

भाऊ

दि. २७ मार्च

चि. भावास,
अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी घरात नव्हते. कान गेल्यापासून दारात येईल तो कागद आप्पाच आधी वाचतात. हेही त्यांनीच फोडलं.

मी आले तर म्हणाले, इंजिन मीच उघडलं होतं. गेल्या महिन्यात आम्ही पाहुण्यांकडे गेलो होतो तेव्हा. हंगामाआधी पोराचं काम आतून बघायचं होतं. खोड काढायला काहीच सापडलं नाही म्हणाले, चोख काम होतं. बंद करताना ट्रॅक्टरखालच्या अंधारात नंबर दिसले नाहीत, म्हणून चाचपून कॅप बसवली. शप्पथ, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तुझं काम चोख, हे त्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकायचं होतं ना तुला? घे, ऐकलंस. मग त्यांनी पान्ह्यांची पेटी ओढत अंगणात आणली आणि भंगारवाल्याला बोलव म्हणाले, ट्रॅक्टर नि पेटी, दोन्ही एकदमच घेऊन जाऊ दे. त्याला मी फाटकातूनच हाकललं. तेव्हापासून आप्पा शेडकडे फिरकलेले नाहीत.

बेअरिंग ज्यावर बसतं त्या क्रँकवर ओरखडा नाही, यांनी नखानं तपासलं. नवं बेअरिंग घेऊन ये. कॅप त्यांच्या हातांनी बसू दे, नंबर तू बघ. मला तुझा राग आहे आणि तो राहील, त्याचं आपण नंतर बघू.

यायचं नसेल तर पत्र मात्र पाठवू नकोस. पहिलं तेच वाचतात.

ताई