पश्चिमेच्या खिडक्यांवरच्या झडपा

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, इमारतींची वीजबचत तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरे केले.

१. चौथ्या मजल्यावरचे माझे राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. ती म्हणेल, "मला नको ती भट्टी." म्हणू द्यावे. पण पुढचे सगळे तिला वाचून दाखवावे.

२. ह्या इमारतीच्या दारावर 'हरित इमारत' अशी पितळी पाटी आहे. तो दाखला माझ्या सहीचा. नकाशात पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीला बाहेरून लाकडी झडपा होत्या. काचेवर ऊन पडू नये, एसी लागू नये, वीज कमी जळावी, शहराचा धूर थोडा कमी व्हावा, हे सगळे त्या झडपांवरच अवलंबून होते. तपासणीला गेले तर झडपाच नाहीत! ठेकेदार म्हणाला, "ताई, पुढच्या महिन्यात लावतो. उद्घाटन उद्यावर आलंय, सही तेवढी करून टाका." मी केली. तो पुढचा महिना एकोणीस वर्षांत उजाडलेला नाही. आता घरोघरी एसी घरघरतात आणि खाली पाटी चकाकते. ठेकेदाराला माझे काहीही देऊ नये, मेल्याची खबरसुद्धा.

३. तापमान मोजायची सगळी उपकरणे आणि ह्या पश्चिमेच्या खोलीतल्या रोजच्या नोंदींच्या वह्या माझ्या जुन्या मदतनिसाला द्याव्यात. कचेरीत त्याला सगळे 'खडूस' म्हणत. "मॅडम, झडपांचा रकाना रिकामा ठेवा," एवढेच तो म्हणाला होता आणि मी त्याला चारचौघांत झापले. बाबा रे, चुकले माझे. ह्या वह्या महापालिकेत ने आणि दाखला रद्द करायला लाव. ह्याच इमारतीचा कित्ता गिरवून आणखी सहा उभ्या राहताहेत.

४. शिवणयंत्र शेजारणीला. दर उन्हाळ्यात ती दार उघडून म्हणायची, "काकू, आमच्याकडे गारव्यात येऊन बसा." मी एकदाही गेले नाही. ताठा, दुसरे काय.

५. आता मुलीला. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात तुझे बाबा म्हणाले, "अगं, झडपा तरी लाव, नाहीतर एसी तरी आण. जीव नकोसा झालाय." काहीही लावले असते तरी माझी सही खोटी होती हे उघड पडले असते. मी त्यांच्या अंगावरचे ओले पंचे बदलत राहिले. उन्हाच्या त्या लाटेच्या अकराव्या दिवशी ते गेले. तू म्हणालीस, "आई, तुला बाबांपेक्षा पाटी मोठी." सात वर्षे झाली, तू उंबरा ओलांडला नाहीस. तू म्हणालीस ते खरे होते. हे सांगायला कितीदा फोन उचलला आणि ठेवून दिला. फार थकले ग आता.

ते गेल्यावरही मी झडपा लावल्या नाहीत. सुतार येऊन मापे घेऊन गेला होता. मीच त्याला नको म्हणाले. त्यांच्या माघारी झडपांनी गार झालेल्या खोलीत एकटीने बसणे माझ्याच्याने झाले नसते. तू लाव.

हे वाचून, समजून, आम्ही तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या:

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार: १. तळमजल्यावरचा शिंपी (सही)
२. इमारतीचा रखवालदार (सही)

स्थळ: माझे राहते घर, पश्चिमेची खोली
दिनांक: २४ मे, दुपार