कॉरिंगाच्या सामन्याआधीची निरवानिरव

मी, एडमंड ऑटो वेन्स्के, ज्याला सगळे नेड म्हणतात, वय वर्षे बावीस, धंदा शेतांना कुंपणं घालण्याचा, राहणार यारनाबी, न्यू साउथ वेल्स, आज मंगळवार दिनांक १९ ऑगस्ट २०२५ रोजी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहीत आहे. पोस्टातून आणलेल्या छापील फॉर्मवर जागा फार कमी दिली आहे, म्हणून कोरे कागद मागे टाचले आहेत. मी शुद्धीवर आहे, प्यालेलो नाही, आणि कोणी माझ्या मानेवर बसून हे लिहून घेत नाही. वॉगा शहरातल्या डॉक्टरांनी मागच्या बुधवारी माझं डोकं तपासलं आणि सांगितलं, "विचार करायला ठीक आहे, धडकायला नाही." यातला पहिला अर्धा भाग मृत्युपत्राला पुरेसा आहे असं मी धरतो.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आजवर माझ्याकडे काही नव्हतंच. आताही फारसं नाही.

कलम १. हे आत्ताच का, याचा खुलासा. येत्या शनिवारी दुपारी दोनला आमच्या क्लबची कॉरिंगा गावाच्या क्लबशी गाठ आहे आणि मी खेळणार आहे. दोन हंगामांत माझ्या डोक्याला चार जबर मार बसले. पाचवा बसला तर मी उठेन याची हमी डॉक्टर देत नाहीत. त्यांचा कागद माझ्या पिकअपच्या खणात आहे. घरात आणि क्लबात कोणालाही तो दाखवलेला नाही. आमचा खेळ ऑस्ट्रेलियन फुटबॉल, त्यात खरं तर मैदानावर अठरा जण उतरायला हवेत. चौदाच्या खाली आकडा गेला की सामना सोडून द्यावा लागतो, आणि आमच्या लीगमध्ये एका हंगामात दोनदा सामना सोडला की क्लबचं नाव कटतं. एकदा आम्ही जूनमध्ये सोडला. शनिवारसाठी मला धरून चौदा आहेत. एवढं वाचून कोणी मला मूर्ख म्हणणार असेल तर त्याने आधी तेरा आणि एक किती होतात ते सांगावं.

कलम २. अंत्यविधी. लूथरन चर्चमध्ये करावा, लहान असावा. शवपेटीवर नऊ नंबरची जर्सी पसरावी, आणि पसरल्यावर ती उचलू नये.

याचं कारण घरच्यांना माहीत आहे, तरी लिहितो, कारण अकरा वर्षांत हे कोणी तोंडातून काढलेलं नाही. माझे बाबा ट्रॅक्टरखाली गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. नऊ नंबर त्यांचा होता, त्याआधी आजोबांचा, त्याआधी पणजोबांचा, ज्यांनी दोन घोड्यांमागे ओंडका बांधून ते मैदान सपाट केलं. आमच्या घरात मूल जन्मलं की चर्चच्या आधी क्लबच्या वहीत नाव लागतं. तर बाबांच्या पेटीवर ती जर्सी होती. पेटी खाली सोडायच्या आधी आजोबा पुढे झाले, जर्सी उचलली, नीट घडी घालून काखेत धरली आणि आईला म्हणाले, "शनिवारी लागेल, लोर्ना." आईने ती घरी आणून धुतली आणि तारेवर वाळत घातली. त्या शनिवारी ती दुसऱ्या कोणीतरी घातली. आम्ही हरलो.

कलम ३. माझे आजोबा ऑटो वेन्स्के यांना माझा कुत्रा सार्जंट. तसाही तो त्यांचंच ऐकतो. वरच्या कलमातल्या गोष्टीबद्दल मी त्यांना माफ केलं आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून कुत्रा द्यावा आणि माफीचं बघू.

कलम ४. आईला बँकेत जे काही असेल ते. शिवाय माझी अवजारं विकून धुण्याचं मोठं यंत्र घ्यावं. दर रविवारी क्लबच्या सगळ्या जर्स्या, तितक्या चड्ड्या आणि पायमोज्यांचा ढीग ती एकटी धुते. मी आयुष्यात पहिली तार ताणली ती तिच्या या वाळवणासाठी, बाबा गेले त्या वर्षी. अजून ढिली पडलेली नाही. माझ्या सगळ्या कुंपणांत तेवढं एकच काम मी मन लावून केलं.

कलम ५. चुलतभाऊ ल्यू वेन्स्के, ज्याने आमच्याच वहीत नाव लागलेलं असताना दोन वर्षांपूर्वी कॉरिंगाकडून खेळायला सुरुवात केली, कारण तिथे आंघोळीला गरम पाणी आहे, त्याला काहीही देऊ नये. माझ्या मर्तिकाला आला तर चहा द्यावा. केक देऊ नये.

कलम ६. शेतकी कॉलेजातलं माती काढायचं एक गिरमिट माझ्याकडे राहून गेलं आहे. ते परत करावं, माफी मात्र मागू नये. दुसऱ्या वर्षी मातीशास्त्राच्या सरांनी ऐन शनिवारी शेतावरचं प्रात्यक्षिक ठेवलं. मी म्हणालो, सर, आमचा सामना आहे. ते म्हणाले, "वेन्स्के, तुझ्यासारखे फुटबॉलसाठी शिक्षण सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत." म्हटलं, मग आणखी एक बघा, आणि फाटकातून बाहेर पडलो. तो सामना आम्ही चौऱ्याण्णव गुणांनी हरलो. परत जाता आलं असतं. पण फाटक इतक्या जोरात आपटलं होतं की परत उघडायची लाज वाटली.

कलम ७. माझी पांढरी पिकअप टेस कॉस्टिगन, राहणार कॉरिंगा, हिला.

टेस नर्सिंग शिकते आणि शनिवारी कॉरिंगाच्या संघाबरोबर औषधांची पेटी घेऊन येते. तिचा बाप त्या क्लबचा अध्यक्ष आहे. मे महिन्यात त्यांच्या मैदानावर मी चौथ्यांदा पडलो, तेव्हा आमच्याकडे पेटीवालं कोणी नव्हतं म्हणून ती धावत आली. अशा वेळी ठरलेले प्रश्न विचारतात. मैदान कुठलं, सामना कोणाशी, वगैरे. मी सगळं बरोबर सांगितलं. मग तिने विचारलं, "मागच्या आठवड्यात तुमचा संघ जिंकला का?" मी म्हणालो, "हो, जिंकला की." ती तिथूनच ओरडली, "स्ट्रेचर आणा रे, पोरगं पार कामातून गेलंय!" आम्ही दोन वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता.

स्ट्रेचरवरून मी तिला लग्नाचं विचारलं. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं बोलणं धरत नाहीत, असं ती म्हणाली. बरा झाल्यावर परत विचारलं. म्हणाली, बघू. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे तीच मला घेऊन गेली. येताना गाडीत मी सांगितलं की शनिवारी मी उतरणार. तिने गाडी बाजूला घेतली. "शनिवारी मरायला निघालेल्या माणसाला मी सोमवारबद्दल काय सांगू?" तेव्हापासून ती फोन उचलत नाही. तिला पिकअप द्यावी आणि सांगावं की सोमवारबद्दल मला ऐकायचं होतं.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं. पुढचं शुक्रवारी लिहीत आहे. वरचं फाडून नव्याने लिहायचं त्राण नाही, म्हणून जोडतो.

कलम ८. काल, गुरुवारी, काय झालं ते मृत्युपत्रात येणं भाग आहे, कारण त्यामुळे कलमं बदलतात.

गुरुवारी सराव झाला की क्लबच्या खोलीत सगळे जेवतात आणि मग संघ वाचून दाखवतात. आजोबा एक्केचाळीस वर्षं सेक्रेटरी आहेत, यादी त्यांच्याच हातची असते. सॉसेज आणि परतलेल्या कांद्याच्या बशा रिकाम्या झाल्यावर ते उठले. तेरा नावं वाचली आणि चष्मा खिशात ठेवला.

मी म्हणालो, "आजोबा, नऊ नंबर राहिला."

"राहिला नाही. खोडलाय."

"का?"

"त्या कॉस्टिगनच्या पोरीचा फोन आला होता. तुझ्या गाडीच्या खणात काय आहे तेही मी वाचलंय."

मैदानाचं गवत कापणारे बर्ट काका मध्येच बोलले, "अरे ऑटो, पण मग तेराच होतात!"

"मला मोजता येतं, बर्ट."

"मग तूच उतर की. गोलपाशी नुसता उभा राहा. कोण विचारतंय वय?"

"उतरलो असतो. पण पहिल्या पंधरा मिनिटांत मी आडवा होणार, म्हणजे परत तेरा. वर मला उचलून न्यायला दोघं. अकरा पोरं घेऊन काय खेळशील?"

सगळे हसले. मला ते हसू सहन झालं नाही. मी खुर्ची लाथेने उडवली. जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, बाबांच्या पेटीवरून जर्सी उचलताना तुमचा हात कापला नाही. तेव्हा क्लब मोठा होता. आता मी म्हणतोय खेळतो, तर क्लब बुडवायला निघालात?

आजोबा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चहाच्या किटलीपाशी उभ्या असलेल्या आईकडे बघत म्हणाले, "अकरा वर्षं ही बाई मला रोज चहा देते. कप ठेवते आणि तोंड वळवते. एकदाही चुकली नाही. मी तिच्याकडे दुसऱ्यांदा जर्सी नाही मागणार, नेड."

मग ते भिंतीवरच्या फोनपाशी गेले आणि टेसच्या बापाला फोन लावला. आमच्या खोलीतला फोन जुना आहे, पलीकडचंही ऐकू येतं.

"मिक, ऑटो बोलतोय. शनिवारी येऊ नका."

"आँ? का रे? माणसं कमी का? ऑटो, दोन पोरं उसनी पाठवू? तुझा ल्यू पाठवतो."

"नियमात बसत नाही. तुलाही माहितेय."

"अरे, पण हे दुसऱ्यांदा होतंय तुमचं."

"हो."

मग मिक म्हणाला, "आता आम्ही शिव्या कोणाला द्यायच्या, म्हाताऱ्या?"

"शोधा कोणीतरी," आजोबा म्हणाले आणि फोन ठेवला. आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. तिने तोंड वळवलं की नाही ते मला सांगता येणार नाही. मी खुर्ची उचलत होतो, तिचा एक पाय निखळला होता.

एकशे अठरा वर्षांचा क्लब होता. मोडायला साधारण दोन मिनिटं लागली.

कलम ९. आज सकाळी टेस आली. मी तिला बोलायचं तेवढं बोललो. चहाडखोर म्हणालो, कॉरिंगाची हेर म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं?" मग टेबलावरचे हे कागद उचलून उभ्याउभ्याच वाचले. मी म्हणालो, ठेव ते, आता त्याचं काय काम.

"पूर्ण कर," ती म्हणाली. "कॉलेज अर्धं, हंगाम अर्धा. एक तरी कागद शेवटपर्यंत ने."

"साक्षीदार कुठून आणू? फॉर्मवर लिहिलंय, ज्याला काही मिळणार त्याने सही करू नये. कुत्रा, गाडी, बँक, सगळ्यांना काही ना काही दिलंय मी."

"मग माझं खोड. मी करते सही."

"तुला पिकअप नको?"

"तिचं माझ्या बाजूचं दार बाहेरूनच उघडतं, नेड. तू मेल्यावर उघडणार कोण?"

मी पेन उचललं आणि तिचं नाव खोडलं. हे उत्तर होकार धरावा की नाही तेही मी विचारलं नाही. दमलो आहे.

दुसऱ्या सहीसाठी आजोबांना बोलावलं. ते आले, कलम तीन वाचलं आणि म्हणाले, "एकोणऐंशीव्या वर्षी माणूस नातवाचा वारस होत नसतो, गाढवा. खोड हे. माफीचं बघू तेवढं राहू दे."

म्हणून मी ठरवतो की:

कलम २ मधली जर्सी आता कोणाची हे मला माहीत नाही. आई सांगेल तसं करावं.

कलम ३ रद्द. सार्जंट आईचा. आजोबांच्या विनंतीवरून शेवटचे दोन शब्द कायम.

कलम ७ रद्द. टेसला काहीही देऊ नये. आई गाडी चालवत नाही, मग पिकअप घेणारं दुसरं कोणी उरत नाही, ती ल्यूला जाते. कलम ५ मधलं 'काहीही देऊ नये' तेवढं रद्द. आता सगळ्यांनाच कुठेतरी दुसरीकडे खेळायला जावं लागणार आहे आणि गाडी त्याला तरी उपयोगी पडेल. केकबद्दलचं म्हणणं बदललेलं नाही.

बाकी कलमं होती तशी. खाडाखोड जिथे आहे तिथे तिघांनी आद्याक्षरं केली आहेत. हा माझा शेवटचा विचार, म्हणजे आजपर्यंतचा शेवटचा.

सही: एडमंड ऑटो वेन्स्के

स्थळ: यारनाबी. दिनांक: शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५.

वरील सही नेडने आमच्या दोघांच्या समोर, टेबलाशी बसून, एकदाही न उठता केली. आम्ही एकमेकांच्या समोर सह्या केल्या. आम्हा दोघांनाही या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिली: टेरेसा मेरी कॉस्टिगन, कॉरिंगा. धंदा: नर्सिंगची विद्यार्थिनी.

साक्षीदार दुसरा: ऑटो हाइनरिख वेन्स्के, यारनाबी. धंदा: सेक्रेटरी, उद्या दुपारी दोनपर्यंत.